बुस्कालानला टॅटू काढायला जाताय? तिकीट काढायच्या आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा होता: टेक्स्टाइल डिझाइन शिकलेय, पुढच्या वर्षी फिलिपिन्सला जाणारे, कलिंगा प्रांतातल्या बुस्कालानमध्ये, व्हांग-ओद या गोंदणाऱ्या आजींच्या गावात हाताने ठोकून काढतात तो टॅटू काढून घ्यायचाय, तो फार दुखतो का, शिवाय तिकडच्या त'नालाक कापडाची नक्षी प्रिंट करून पुण्यात कुर्ते काढले तर त्या कलेला हातभार लागेल का, तिकडचं सरकार त्यासाठी काय करतं, आणि एकूणच अशा कला जपायच्या म्हणजे नेमकं करायचं काय.

मी २२ वर्षं विणकर आणि कारागिरांबरोबर काम करतेय, बरंचसं येवल्याकडे आणि थोडं डहाणू-जव्हारच्या बाजूला, आणि फिलिपिन्सला दोनदा जाऊन आलेय, एकदा उत्तरेच्या डोंगरात, एकदा दक्षिणेला मिंडानाओत. त्यामुळे तिकडची तज्ज्ञ म्हणवून घेणार नाही, पण कारागिरी कशी मरते आणि कशी तगून राहते हे जवळून बघितलंय. सरळ उत्तर आधी देऊन टाकते, टॅटूला खुशाल जा, कुर्ते काढू नका. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

टॅटूपासून सुरू करू. त्याला तिकडे बातोक म्हणतात आणि तो काढणारा तो मांबाबातोक. सामान बघितलंत तर हसाल, पपनसाच्या किंवा कलामान्सी लिंबाच्या झाडाचा एक काटा, तो अडकवलेली बांबूची काडी, ती ठोकायला दुसरी काठी, आणि काजळी पाण्यात कालवून केलेली शाई. बस्स. आपल्या आज्यांच्या हातावरचं हिरवं गोंदण आठवा, ते पण काजळीचंच, फक्त आपल्याकडे सुया टोचायच्या आणि तिकडे काट्यावर टक् टक् टक् ठोके पडतात. नक्षी म्हणजे गोम, अजगराची खवलं, नेच्याची पानं, डोंगर, नदी. सगळी आजूबाजूची. गोम अंगावर असली की रक्षण होतं असं मानतात, आपण गोम दिसली की चप्पल शोधतो.

आता मुद्द्याचं. ही नक्षी कुणीही कुठेही काढायची नसे. पुरुषाच्या छातीवरचं मोठं गोंदण हे लढाईत शत्रूचं डोकं आणणाऱ्याचं, ते कमवावं लागायचं, पैसे देऊन मिळायचं नाही. बायकांच्या दंडांवरचं गोंदण म्हणजे मुलगी मोठी झाली, सुंदर झाली, चांगल्या घरातली आहे याची खूण, तोच त्यांचा दागिना. मग अमेरिकन राज्य आलं, डोकी कापणं बंद झालं (त्याचं दुःख करायचं कारण नाही) आणि त्याबरोबर छातीवरचं गोंदण कमवायची वाटच बंद झाली. शाळा आणि मिशन आलं तसं गोंदलेल्या हातांची लाज वाटायला लावली गेली, मुली लांब बाह्या घालायला लागल्या. म्हणजे बघा, कायदा करून कुणी काटे जप्त केले नव्हते, कला मेली ती त्या खुणेला गावात मान उरला नाही म्हणून. हे मी आपल्याकडे गोंदणाच्या बाबतीत डिट्टो बघितलंय, माझ्या आजीला हातभर गोंदण होतं आणि माझ्या आईने फोटो काढताना पदर ओढून घेतलेला आहे.

व्हांग-ओद यांचा जन्म १९१७ चा सांगतात. वडिलांकडून शिकल्या, गावोगाव बोलावणं यायचं तिथे चालत जाऊन गोंदायच्या. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. आणि इथे पेच असा की बातोक रक्ताच्या नात्यातच शिकवायचा, बाहेरच्याने हात घातला तर गोंदण पिकतं, जखम चिघळते अशी समजूत. मग त्यांनी भावंडांच्या नाती धरल्या, ग्रेस पालिकास आणि एलयांग विगन, लहान होत्या तेव्हापासून शिकवलं. आज बुस्कालानमध्ये त्यांच्यामागे डझनावारी तरुण पोरं-पोरी गोंदायला बसतात, सगळेच काटेकोर त्या रक्ताचे आहेत असं नाही, आणि यावर गावातच वाद आहे. तो वाद तुम्ही-आम्ही सोडवायचा नाहीये.

बाहेरच्या लोकांना हा नियम मागासलेला वाटतो. मलाही आधी वाटला होता, म्हटलं कला वाचवायचीय तर सगळ्यांना शिकवा ना. पण जरा विचार करा, पेटंट नाही, कॉपीराइट नाही, वकील नाही, अशा ठिकाणी "बाहेरच्याने केलं तर चिघळेल" हेच त्यांचं लायसन्स आहे. त्या एका समजुतीमुळे कमाई गावात राहिली. सगळ्यांना शिकवलं असतं तर मनिलातल्या पहिल्या पाच स्टुडिओंनी धंदा उचलला असता आणि बुस्कालानला कोण गेलं असतं, दरडी कोसळणाऱ्या रस्त्याने दिवसभर बस आणि वर चढण चढून?

बुस्कालान हे बुतबुत लोकांचं गाव आणि शेजारचं बुगनाय पण त्यांचंच. १९७० च्या दशकात मार्कोस सरकारने चिको नदीवर धरणांची योजना आणली, जागतिक बँकेचा पैसा येणार होता, आणि ही गावं, भाताची खाचरं, पूर्वजांच्या जागा पाण्याखाली जाणार होत्या. बुगनायचे मक्लिइंग दुलाग विरोधाचे पुढारी होते, एकमेकांशी वैर असलेल्या जमातींना त्यांच्या जुन्या बोदोंग या तहाच्या रिवाजाने एकत्र आणलं गेलं, आणि २४ एप्रिल १९८० ला सैनिकांनी त्यांना घरात गोळ्या घातल्या. त्यानंतर धरणं बारगळली. आज जे लोक बुस्कालानला जाऊन आजींच्या सहीचे तीन ठिपके काढून सेल्फी टाकतात त्यांच्यातल्या किती जणांना हे माहिती असतं? गाव पाण्यात गेलं असतं तर ना पपनसाचं झाड, ना ओसरी, ना आजी. नर्मदेच्या काठावरची आपली नंदुरबारची गावं आठवली मला तिथे उभी असताना. कला जपायचे प्रोजेक्ट निघतात त्यात जमिनीचा रकाना कधीच नसतो, मी स्वतः असे अर्ज भरलेत म्हणून सांगतेय. आणि २०२४ मध्ये व्हांग-ओद यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मेडल मिळालं, ते राष्ट्राध्यक्ष म्हणजे त्याच मार्कोसचे चिरंजीव. असो.

टुरिझममुळे वाटोळं झालं असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी तसं म्हणणार नाही. टुरिस्टला जे काढून देतात तो जुना विधीतला बातोक नव्हेच, ते त्यांनाही माहितीये, बोर्डवर नक्षी काढून ठेवलेली असते त्यातली निवडायची, आजी स्वतः आता वयामुळे शेवटी सही म्हणून तीन ठिपके तेवढे देतात. पण त्या पैशाने पोरी गावात राहिल्या, शिकल्या, आणि हात चालू राहिला. विधी गेला, हात राहिला. माझ्या मते हात राहिलेला असला तर विधी कधीतरी परत येऊ शकतो, उलटं होत नाही. यावर माझं दोन मैत्रिणींशी कडाक्याचं भांडण झालेलं आहे, तुम्हाला पटलं नाही तरी चालेल.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये शंभरीच्या या बाईंना मनिलाच्या एका मोठ्या व्यापारी प्रदर्शनात आणलं, शेकडो लोक रांगेत, आणि त्या बसल्या जागी पेंगतायत असा फोटो सगळीकडे फिरला. मग २०२१ मध्ये एका ऑनलाइन कोर्सवाल्या कंपनीने त्यांच्या नावाने कोर्स काढला. नातीने जाहीर सांगितलं की आजीला हे काय आहे तेच समजलेलं नाही. कंपनीने अंगठा उठवलेला करार दाखवला. आदिवासींसाठीच्या सरकारी आयोगाने चौकशी केली आणि तो करार एकतर्फी असल्याचं म्हटलं, कोर्स तर आधीच खाली उतरवला होता. मला यात कंपनीपेक्षा अंगठ्याचं जास्त वाटतं. जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर खुणा काढत आली तिची सही म्हणून तुम्ही शाईचा अंगठा घेता, आणि ज्या गोष्टीवर सगळ्या गावाचा हक्क ती एका व्यक्तीकडून लिहून घेता. तीन ठिपके आजींचे असतील, गोम त्यांच्या एकट्यांची नाही. फिलिपिन्समध्ये १९९७ चा आदिवासी हक्क कायदा आहे, त्यात आधी, मोकळेपणी आणि नीट समजावून घेतलेली संमती असं स्पष्ट म्हटलंय, आणि ती समाजाची संमती, एका माणसाची नव्हे. पण डोंगरावर कोण वाचून दाखवणार!

आता कापड. त'नालाक हे त'बोली लोकांचं, दक्षिणेला साउथ कोताबातोमध्ये लेक सेबूच्या आसपास. धागा अबाकाचा, म्हणजे आपल्या केळीचा भाऊबंदच, फळ काही खाण्यासारखं नसतं पण खोडाचा दोर चिवट, जहाजांचे मनिला दोर याचेच व्हायचे. खोडाचे पदर सुरीखालून ओढून धागा काढायचा, हे काम जोराचं, बहुतेक पुरुष करतात. तो सूत कातल्यासारखा कातत नाहीत, एकेक धागा टोकाला टोक लावून गाठी मारत जायचं, गाठ इतकी बारीक की बोटाला लागत नाही. मग ताणा, म्हणजे उभे धागे, लावून जिथे रंग नको तिथे बांधायचं, म्हणजे इकतच, पण फक्त ताण्याचा, पाटोळ्यासारखा दोन्हीकडचा नाही. काळा रंग क'नालुमच्या पानांचा, कित्येक दिवस उकळत ठेवतात, तांबडा लोको नावाच्या मुळाचा, आणि पांढरं म्हणजे धाग्याचा मूळ रंग. तीनच रंग. माग कमरेला बांधायचा, पाठीने ताण द्यायचा, उन्हात धागा कडक होऊन तुटतो म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी गारव्यात विणायचं. शेवटी कवडीने घासून घासून चकाकी आणतात, हात लावलात तर कागद आणि चामडं यांच्यामधलं काहीतरी वाटतं. एका कापडाला महिनेच्या महिने जातात.

नक्षी स्वप्नात येते, अबाकाची देवता फू दालू ती देते, असं मानतात. लांग दुलाय या बाईंना शंभरेक नक्ष्या तोंडपाठ होत्या असं सांगतात, ढग, फुलपाखरं, मगर, फुलं, कागदावर एकही नाही. १९९८ मध्ये त्यांना फिलिपिन्सचा सर्वोच्च लोककारागीर सन्मान मिळाला, २०१५ मध्ये त्या गेल्या. ब्रोशरमध्ये मात्र असं लिहितात की जणू गावातली प्रत्येक बाई रोज रात्री एक डिझाइन स्वप्नात बघून उठते. तसं नसतं हो. स्वप्न पडणाऱ्या थोड्या, बाकीच्या आई-आजीकडून आलेलं विणतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही, पण "ड्रीमवीव्हर" हा शब्द विकला जातो म्हणून सगळ्यांना तो चिकटवला. आता पोरींना वाटायला लागतं की आपल्याला स्वप्न पडत नाही म्हणजे आपण खऱ्या नाही. शब्दांनी पण नुकसान होतं.

मी तिथे असताना माझं लक्ष विणणाऱ्या बायकांपेक्षा खोड सोलणाऱ्या आणि गाठी मारणाऱ्यांकडे जास्त होतं. फोटो विणकराचा येतो, बक्षीस विणकराला मिळतं, आणि धागा करणारा उद्या शहरात सिक्युरिटीच्या नोकरीला गेला की माग रिकामा. फिलिपिन्समधल्याच अकलान प्रांतातल्या पिना कापडाचंही असंच, अननसाच्या पानांतून धागा काढायला फुटक्या चिनीमातीच्या ताटलीने पान खरवडतात, २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत ते विणकाम गेलं, सगळीकडे बातम्या, पण खरवडणाऱ्याच्या मजुरीचं विचारा कुणाला तरी. येवल्यात मला हेच दिसतं, पैठणी विणणाऱ्याचा सत्कार होतो, कांड्या भरणाऱ्या बाईचं नाव मालकालाही पटकन आठवत नाही. कुठलीही कारागिरी बघायला गेलात तर सगळ्यात कमी पैसे कुणाला मिळतात ते विचारा, ती साखळी तुटणार आहे ती तिथेच.

आता तुमच्या कुर्त्यांकडे येते, आणि इथे माझीच एक चूक सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही डहाणूकडच्या पाड्यांवर फिरून वारली चौकांचं डॉक्युमेंटेशन केलं. तुम्हाला माहिती असेल, तो चौक म्हणजे लग्नात सवाष्णींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा, मध्ये पालघट देवी, तो लग्नाशिवाय काढायचा नसतो. आम्ही फार प्रेमाने केलं, शेकडो फोटो, ट्रेसिंग, आणि "कलाकारांना ऑर्डर मिळेल" या भाबडेपणाने त्याची सीडी एका एक्स्पोर्टरला दिली. वर्षभरात तोच चौक, देवीसकट, बेडशीटवर छापून बाजारात आला. पाड्यावर एका आजींना ती बेडशीट कुणीतरी दाखवली, त्या एवढंच म्हणाल्या, यावर माणसं झोपणार का? मला आजही ते आठवलं की पोटात कसंतरी होतं. वारलीला २०१४ मध्ये जीआय टॅग मिळाला, चांगलंच झालं, पण वारली छापलेले कप आणि कीचेन काही थांबले नाहीत.

म्हणून म्हणते, नक्षी साठवणं सोपं आहे, एक चांगला स्कॅनर असला की झालं. नक्षी कुणी काढायची, कधी काढायची, कुणाला द्यायची नाही, त्याचे पैसे कुणाकडे जाणार, हे सगळं म्हणजे ती कला, आणि प्रिंटमध्ये यातलं काहीच येत नाही. त'नालाक विकायचा असेल तर त्याला पितळेची कडी बांधतात, नाहीतर आत्मे नाराज होतात असं मानतात. विणत असताना त्यावरून ओलांडून जायचं नाही. कापड फाडणं-कापणं वाईट, आजारपण येतं म्हणतात. आणि तुम्ही त्याचा रेयॉनवर प्रिंट मारून कुर्त्याला गळा कापणार! तुम्ही नाही केलं तरी दुसरं कुणी करेलच हे खरंय, पॉलिएस्टरवर छापलेलं नकली त'नालाक फिलिपिन्समध्येच ढिगाने मिळतं. पण मदत म्हणून ते खपवू नका एवढंच.

सरकार काय करतं हेही विचारलंत. त्यांच्याकडे १९९२ चा एक कायदा आहे, त्यातून गावाद सा मानलिलिखा नांग बायान हा लोककारागिरांचा सन्मान देतात, आजन्म मानधन असतं आणि, मला आवडलेली गोष्ट, शिकवणं ही त्यातली अटच आहे. घेतलं आणि घरी बसले असं नाही. लांग दुलायनी लेक सेबूत शिकवण्याची जागा उभी केली. ब'लान जमातीच्या विणकर याबिंग मासालोन दुलो यांना २०१६ मध्ये मिळाला, तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडलेली होती. म्हणजे शिकवायला वेळ किती उरला? सन्मान साठीत द्यायला हवा, नव्वदीत द्यायचा म्हणजे फुलं आधीच आणून ठेवल्यासारखं वाटतं. याशिवाय गावातच कारागिराकडून पोरांना शिकवायच्या शाळा चालवतात, कल्पना छान आहे, पण अशा वर्गांचं माझं निरीक्षण इकडचं-तिकडचं सारखंच, सहा महिन्यांत पोरगी बुकमार्क आणि पाकीट विणायला शिकते, कारण ते लवकर संपतं आणि विकतं. लांब कापडाला लागणारी बैठक वर्गात येत नाही, ती घरात आजीशेजारी बसून येते, आणि त्यासाठी त्या पोरीच्या घरी चूल पेटती राहील एवढा भाव त्या लांब कापडाला मिळायला हवा. शेवटी गाडी तिथेच येऊन थांबते.

मग तुम्ही काय करू शकता? लेक सेबूला जा, विणणाऱ्या घरातून कापड घ्या, अख्खं घ्या, घासाघीस करू नका, रंग पानाचा की पुडीचा ते विचारा, पुडीचा असला तरी तोंड वाकडं करू नका, फक्त भाव वेगळा असतो. सोललं कुणी, गाठी कुणी मारल्या ती नावं लिहून घ्या. पुण्यात धंदा करायचाच असेल तर त्यांच्या संघाशी बोलून त्यांचं कापड त्यांच्या किमतीला आणून भिंतीवर लावायला विका, मार्जिन कमी पडेल, पडू दे. आणि नक्षीच करायची खुमखुमी असेल तर आपल्याकडे गोंदण आहे की, तुमच्या स्वतःच्या आजीच्या हातावरचं. ती हयात असेल तर तिला विचारा कुणी गोंदलं, कुठल्या जत्रेत, काय गाणं म्हणत होती ती बाई. ते काम कुणी फारसं केलेलं नाही आणि त्याला व्हिसा लागत नाही.

बुस्कालानला जाणार असाल तर पावसाळा टाळा, रस्ते खचतात. गावचाच गाइड घ्या. रोख पैसे न्या. काटा नवीन घ्यायचा, तुमच्यासमोर, दुसऱ्याला वापरलेला अजिबात नाही, यात भिडस्तपणा नको. छातीवरची लढवय्यांची नक्षी मागू नका, ती तुमची नाही. आजींची भेट झाली नाही, तब्येत बरी नाही म्हणाले, तर ग्रेस किंवा आणखी कुणाकडे बसा आणि हिरमुसू नका, उलट पुढच्या पिढीचा हात अंगावर घेऊन आलात ही जास्त मोठी गोष्ट. परत आल्यावर इकडच्या स्टुडिओत तीच नक्षी मैत्रिणीला काढून देऊ नका. आणि हो, नवीन गोंदणानंतर आपल्याकडे वर्षभर रक्तदान करता येत नाही, नियमित करत असाल तर आधी करून जा.

दुखतं का ते राहिलंच. दुखतं. मशीनसारखं भाजल्यागत नाही, कुणीतरी एकाच जागी न थांबता टोचून टोचून तुमची चौकशी करतंय असं. मी मनगटाजवळ छोटी गोम काढून घेतली, अर्धा तास, पोरगी ठोकता ठोकता शेजारणीशी गप्पा मारत होती आणि मध्येच माझ्याकडे बघून हसली, मी डोळे मिटून घेतले होते म्हणून.